घरच्या गाण्यासाठी कीबोर्ड: घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर काय करायचं

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे आणि मध्येच वाजलेला एका ट्रेलरचा हॉर्न काढलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज वडप्यातून बोलतोय, घरच्या मागच्या खोलीतून. ज्यांना वडपे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळ जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं दिसतात ना, ते आमच्याकडे. रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं तेव्हापासून धूळ आहे, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमण्यापर्यंत खुला झाल्यावर गाड्याही वाढल्या. हे सगळं रडगाणं म्हणून सांगत नाहीये. या आवाजाचा आजच्या विषयाशी संबंध आहे, पुढे येईलच.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. घरी गाणी करायची आहेत, कीबोर्ड कोणता घेऊ? आणि प्रश्नासोबत बहुतेक वेळा एक फोटो असतो, हळदीच्या स्टेजवरच्या एखाद्या वादकाचा, पुढे रोलँडचं मशीन, बाजूला ऑक्टापॅड. "असाच घेऊ का?"

तर पहिलं म्हणजे, ते मशीन त्या माणसाच्या कामाचं आहे. हळदीला चार तास न थांबता वाजवायचं असतं. एका गाण्यातून दुसऱ्यात उडी मारायची, मध्येच कुणी येऊन फर्माईश करतो, बेंजोचा टोन लगेच हाताखाली पाहिजे, लगेच सनई पाहिजे. त्यासाठी एक्सपीएस-१० किंवा एक्सपीएस-३० सारखं मशीन, ज्यात बाहेरचे आवाज भरता येतात, ते त्यांना लागतंच. आमच्या पट्ट्यातले हे कीबोर्डवाले काय ताकदीचे असतात ते जवळ उभं राहून बघा. बेंजो म्हणजे मुळात जपानी ताइशोगोतोचा भाऊ, आपल्याकडचा बुलबुल तरंग, त्याला वीज जोडलेली. खऱ्या बेंजोत एक हात बटणं दाबतो आणि दुसरा तारेवर सारखी नखी मारत असतो. ती टरटर कीबोर्डवर आणायची म्हणजे एकच पट्टी दोन-तीन बोटांनी आलटून पालटून मारावी लागते, आणि डावा हात बेंडवर. ते शिकायला वर्षं जातात. मशीन विकत घेऊन ते येत नाही.

आणि आणखी एक गंमत. या मशीनला स्वतःचे स्पीकर नसतात. माझ्या ओळखीच्या एकानं मोठ्या हौसेनं असं मशीन आणलं, पूजा केली, नारळ फोडला, चालू केलं आणि आवाजच नाही. दुकानात सांगितलं नव्हतं, यानंही विचारलं नव्हतं. त्या रात्री हेडफोनवर घरातल्या सात जणांनी आळीपाळीनं ऐकलं.

आपण सगळ्यालाच "कॅसिओ" म्हणतो, तरी थोडक्यात प्रकार सांगतो. एक, स्पीकर आणि ताल आत असलेले घरगुती कीबोर्ड, यामाहाची पीएसआर मालिका, कॅसिओची सीटी मालिका. दोन, खरे सिंथेसायझर, ज्यात आवाज घडवता येतो, पण बाहेरचा स्पीकर लागतो. तीन, मिडी कंट्रोलर, ज्यात स्वतःचा आवाज काहीच नसतो, तो मोबाइल किंवा कॉम्प्युटरला जोडायचा. चार, अठ्ठ्याऐंशी जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो. पियानो शिकायचा नसेल तर चौथा सोडून द्या. आपल्या हार्मोनियमला तीन, साडेतीन सप्तकं असतात आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाणं झालंय. एकसष्ट पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं, भरपूर झाली.

आता घरगुती कीबोर्ड घेताना लोक बघतात काय, तर खोक्यावर लिहिलेलं, सहाशे टोन, दोनशे ताल. त्यातले तुम्ही आयुष्यात वीस वापरणार. त्याऐवजी पट्टी हळू दाबली तर आवाज हळू येतो का ते बघा. याला टच रिस्पॉन्स म्हणतात. हा नसेल तर तुम्ही कुरवाळा नाहीतर बुक्की मारा, मशीनला फरक कळत नाही. आणि इथे फसायला होतं, कारण दिसायला सारख्या दोन मॉडेलमध्ये एकाला तो असतो आणि एकाला नसतो. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ मध्ये नाही, ई३७३ मध्ये आहे. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये नाही, सीटी-एस३०० मध्ये आहे, शिवाय तीनशेला पिच बेंडचं चाकही आहे आणि तो सहा पेन्सिल सेलवर चालतो. भिवंडी तालुक्यात राहणाऱ्याला सेलचं महत्त्व सांगायला नको. दोन-चार हजार वाचवायला खालचं मॉडेल घेतलं की वर्षभरात मन भरतं आणि मशीन माळ्यावर जातं.

पिच बेंड का म्हणतोय? मींड. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही, भिंत आहे. आपलं गाणं तर त्या मधल्या जागेतच राहतं. हार्मोनियमवर हाच आक्षेप होता, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. चाक फिरवून निदान थोडं सरकता येतं. पण ते मध्येच सोडलं की झटक्यात जागेवर येतं, म्हणून सुटताना अंगठ्यानं सांभाळत आणायचं. रोज दहा मिनिटं, सा वरून रे वर, चाकानं जायचं आणि मग रे ची पट्टी दाबून तपासायचं, पोहोचलो होतो का. महिनाभर हे केलंत तर कान तयार होतो.

आता माझी चूक सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं तिथूनच निघालंय.

माझी आजी धवलारीण. आमच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण चालवते, आणि प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. लिहिलेलं काही नाही, सगळं डोक्यात. आता लग्नात डीजे असतो, भटजी असतात, धवला म्हणायला कुणी बोलावलंच तर पाच मिनिटांत उरकायला सांगतात. आजीचं वय झालं. मला वाटलं, आपल्याकडे कीबोर्ड आहे, माइक आहे, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवू.

बसवलं तिला समोर. मी मशीनवर एक छान ढोलकीचा ताल लावला, मागे कॉर्ड, आणि म्हटलं, आजी, गा. तिनं सुरू केलं. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली. मशीन चालूच. परत सुरू केलं, परत थांबली. म्हणाली, "तुझी मशीन थांबतच नाय. मी दम कवा घेऊ?"

मंडळी, मी दहा वर्षं कीबोर्ड वाजवतोय आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

झालं असं होतं की तिच्या ओळी सारख्या लांबीच्या नाहीतच. एका ओळीत नवरीचं नाव लांब, तर ओळ लांब. कुठे दम घ्यायला थांबली तर थांबली, दुसरी बाई तिथून उचलते. मी त्यावर चार मात्रांची चौकट ठेवली होती. बरं, मी त्या दिवशी काय केलं? मशीन बंद केलं नाही. तिलाच सांगितलं, जरा तालात गा ना. म्हातारी बिचारी प्रयत्न करत राहिली. ते रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ते ऐकवत नाही. सूर बरोबर आहेत, शब्द बरोबर आहेत, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी घाबरून गातेय.

तालाच्या बटणाला माझा विरोध नाही. रियाजाला तबला, तंबोरा हवाच. यामाहाच्या भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय५०० मध्ये तर रियाज नावाची वेगळी सोयच आहे. पण कीबोर्ड घरी आणल्यावर पहिले दोन महिने ते बटण दाबू नका एवढं नक्की सांगीन. ते दाबलं की लगेच गाणं झाल्यासारखं वाटतं, आणि मग आपण आपल्याकडचं सगळं त्याच्या मापाचं कापायला लागतो.

दुसरी भानगड सुराची. ही जरा सावकाश सांगतो, कारण यावर मराठीत कमी बोललं जातं. आजीचा सा कुठे आहे म्हणून मी शोधायला लागलो. काळी चार लावली, तर ती थोडी वर. पांढरी सहा लावली, तर ती खाली. तिचा सा दोन पट्ट्यांच्या मध्ये होता. आणि का नसावा? तिनं आयुष्यात पेटीसोबत कधी गायलंच नाही. आता ट्रान्सपोजचं बटण इथे उपयोगाचं नाही, ते पूर्ण पट्टीनंच सरकतं. त्यासाठी सेटिंगमध्ये ट्यूनिंग नावाची वेगळी जागा असते, तिथे ४४० हर्ट्झ लिहिलेलं दिसेल. मी ते ४५० च्या आसपास नेलं तेव्हा काळी चार तिच्या सा वर येऊन बसली. हे जवळजवळ प्रत्येक कीबोर्डमध्ये आहे, आणि बहुतेकांनी ते कधी उघडलेलं नसतं.

सा बसला तरी ग बसेना. तिचा ग मशीनच्या ग पेक्षा किंचित खाली. मला आधी वाटलं, वयामुळे उतरतोय. नंतर लक्षात आलं, ती बरोबर आहे आणि मशीन चढं आहे. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा शंभर सेंटचा. त्या हिशेबानं शुद्ध ग ४०० सेंटवर येतो. पण तंबोऱ्याच्या सा मधून जो ग आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६ वर असतो, चौदा सेंट खाली. ध सोळा खाली, नी बारा खाली. म आणि प मात्र फक्त दोन सेंट इकडेतिकडे, म्हणून ते खटकत नाहीत. कानानं तपासायचंय? हार्मोनियमचा टोन लावा, मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबून धरा. आवाजात एक बारीक थरथर ऐकू येईल, सेकंदाला साधारण दहा वेळा. ग चौदा सेंट उतरवलात की ती थरथर थांबते आणि दोन सूर एकमेकांत मिसळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे करायला मशीनमध्ये स्केल ट्यूनिंग नावाची सोय लागते. सगळ्यांत नसते. म्हणून विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा आणि त्यात हा शब्द शोधा. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो ट्रान्सपोज दाखवेल. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली ती याच दुखण्यावर. त्यांना लाकूड आणि पितळेच्या सुरांवर मेहनत करावी लागली, आपल्याकडे ते मेनूत पडून असतं आणि आपण सहाशे टोन मोजत बसतो. एक सावधगिरी मात्र, असं जुळवल्यावर त्याच सेटिंगवर हव्या त्या कॉर्ड वाजवायला जाऊ नका, काही कॉर्ड भयानक बेसूर येतील. ही जुळणी एका सा ला धरून असते. सा बदलला की परत जुळवायचं.

मशीनला आपल्या गाण्यामागे आणता येतं, याचं उदाहरण फार लांब नाही. मुंबईत चरणजित सिंग नावाचे सिनेसंगीतातले वादक होते. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन मशीनं घेतली, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फार विचारलं नाही. २०१० मध्ये ती बाहेरदेशी पुन्हा निघाली आणि जग चकित झालं, कारण परदेशातलं ॲसिड हाऊस संगीत त्याच ३०३ मधून काही वर्षांनी जन्माला आलं होतं. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. कंपनीनं ते बास गिटारची नक्कल म्हणून बनवलेलं मशीन. रागदारीच्या कानाच्या माणसाला त्यात मींड दिसली. ताल तिथेही डिस्कोचाच आहे बरं का, आणि तो चालतो, कारण ती रेकॉर्ड तशीच बांधलेली आहे. कुणा गाणाऱ्या बाईला त्यात कोंबलेलं नाही.

आता रेकॉर्डिंग. इथे आमच्या गाड्यांचा संबंध येतो. कीबोर्डचा मोठा फायदा हा की तो वायरीतून रेकॉर्ड होतो, त्याला बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही. कीबोर्डच्या स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करत असाल तर आजच थांबवा. हेडफोनच्या भोकातून किंवा लाइन आउटमधून वायर काढा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर मोठ्या पिनेला पी-३८ म्हणा आणि बारीकला ईपी, दुकानदार पटकन देतो.

त्याहून चांगलं म्हणजे यूएसबीनं मिडी. मिडीत आवाज नसतो, हुकूम असतो. भिवंडीकरांना सांगायला सोपं आहे. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात ना? कार्डात कापड नसतं, कुठला धागा उचलायचा तेवढं असतं. धागा बदला, त्याच कार्डावर वेगळं कापड निघतं. मिडी तसंच. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, एवढंच नोंदलं जातं. मग सनईचा टोन बदलून बासरी करा, एक चुकलेला सूर हलवा, सगळं नंतर. आयफोनवर गॅरेजबँड फुकट आहे, अँड्रॉइडवर बँडलॅब. कॉम्प्युटरवर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर कमी करा. २५६ वर ठेवलं तर त्या बफरचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो, तेवढा बोटांना जाणवत नाही.

गाण्याचा माइक मात्र सगळं ऐकतो. महागडा कंडेन्सर माइक घेऊन महामार्गाशेजारी बसलात तर ट्रकच रेकॉर्ड होतील. स्टेजवर वापरतात तो साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर, मागे दोरीवर दोन गोधड्या. आमच्याकडे एवढ्यावर भागतं.

जुनं मशीन घेणाऱ्यांसाठी पटकन. लग्नाचा मोसम संपला की वादक मशीनं काढतात, तेव्हा भाव चांगला मिळतो. बघायला जाताना हेडफोन घेऊन जा. पियानोचा टोन लावून एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या हळू दाबा. एखादी पट्टी एकदम किंचाळली किंवा गप्प राहिली तर आतली रबराची पट्टी गेलीय किंवा कचरा आहे. मागांच्या जवळ घर असेल तर रुई आत जातेच. आणि अडॅप्टर मूळचाच मागा. जुन्या कॅसिओच्या नऊ व्होल्टवाल्याचं मधलं टोक ऋण असतं, यामाहाच्या बारा व्होल्टवाल्याचं धन. पिन बसते, म्हणून लावली, आणि मशीन गेलं, असं मी डोळ्यांनी बघितलंय. मशीन झाकायला प्लॅस्टिक नको, पावसाळ्यात आत घाम धरतो. मांजरपाटाचं कापड टाका, आपल्याकडे त्याला तोटा नाही.

शेवटी आजीचं काय झालं ते सांगतो. परत बसलो. या वेळी पहाटे साडेपाचला, गाड्या जरा कमी असतात आणि ती उठलेलीच असते. हेडफोन तिला नको होता, कान दुखतो म्हणाली. मग मी नुसता सा आणि प एक मिनिट दाबून धरला, तिनं मान हलवल्यावर बंद केला. क्लिक नाही, ताल नाही. ती गायली, सात-आठ मिनिटं, मध्ये दोनदा खोकली, एकदा मला चहा ठेवायला सांगितला. ते सगळं तसंच ठेवलंय.

नंतर रात्री मी तिच्या आवाजाखाली कीबोर्ड वाजवला. फक्त सा-प चा भरणा आणि कडव्यांच्या मधल्या जागी बारीकसं काहीतरी. संपेपर्यंत तिचा सा थोडा चढलेला होता. बिनसाथीच्या गाण्यात असं होतंच. सॉफ्टवेअरमध्ये तिचा आवाज ओढून सरळ करता आला असता. ते केलं नाही. प्रत्येक कडव्याला मशीनचं ट्यूनिंग थोडं थोडं वर घेतलं, तुकडे वेगळे रेकॉर्ड केले आणि जोडले. तीन रात्री लागल्या. तिला ऐकवलं तर म्हणाली, "मशीन हाय कुठं यात?"

आत्तापर्यंत चार धवले झालेत. हळद दळायचा बाकी आहे, आणि तो दोघींनी गायचा असतो. तिची जोडीदारीण आता हयात नाही. शेजारच्या गावात एक बाई आहेत, त्यांना येत्या रविवारी घेऊन येणार आहे. दोघींचे सा वेगळे निघाले तर काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी असं दोघींचं गाणं रेकॉर्ड केलं असेल तर नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.